फोडलेले धणे

आक्काचं नाक गेलं ते हिवाळ्यातल्या तापात. ताप आठ दिवसांत उतरला, खोकला पंधरा दिवसांनी गेला, वास मात्र परत आला नाही. तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते दूध करपलं तेव्हा. ती चुलीपाशीच बसली होती, पातेलं हाताच्या अंतरावर होतं, आणि पार अंगणातून सून धावत आली.

"आत्या, दूध!"

"डुलकी लागली गं जरा," आक्का म्हणाली. डुलकी कसली, टक्क जागी होती.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी आली त्याला बावीस वर्षं झाली होती. भावाची बायको तेव्हा नुकतीच वारलेली, पोर चार वर्षांचं, चूल थंड. आक्कानं चूल पेटवली ती पेटवलीच. घर भावाचं, शेत भावाचं, पुढं ते भाच्याचं होणार. आक्काच्या नावावर वीतभर भिंतसुद्धा नव्हती. ती झोपायची स्वयंपाकघरातच, लाकडांच्या ढिगाला पाय लावून. पण चूल तिची होती, आणि चुलीमुळं घरात तिचा शब्द होता. दोन वर्षांपूर्वी भाच्याची बायको घरात आली तेव्हा आक्कानं तिला पहिल्याच दिवशी पाण्याचं आणि झाडलोटीचं काम वाटून दिलं. चुलीचं नाव काढलं नाही. सूनही काही बोलली नाही. नवी होती.

शेत धण्याचं होतं, आणि आक्काच्या हातचे भाजलेले धणे म्हणजे त्या भागात बोलायचं काम नाही. धणे भाजणं दिसायला सोपं. मंद आच, जाड बुडाची कढई, हात हलता. पण एक क्षण असा येतो की त्याआधी उतरवले तर कच्चे, आणि नंतर उतरवले तर कडू. पूर्वी आक्का कढईकडं पाठ करून कांदा चिरत बसायची आणि नेमक्या त्या क्षणाला हात मागं नेऊन कढई खाली घ्यायची. बघणारे तोंडात बोटं घालायचे. खरी करामत नाकाची होती, मान हाताला मिळत होता.

नाक गेल्यावर तिनं कान लावला. धणे तापताना आधी गप्प असतात. मग एखादा तडकतो. मग दोन-चार तडकतात, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागतात. तिथून वीस आकडे मोजायचे आणि कढई उतरवायची. मीठ तळहातावर घ्यायचं, रेषेपर्यंत. जीभही नाकाबरोबर गेली होती, म्हणून चव बघायला सुनेला हाक.

"ये गं इकडं. चाखून सांग बरं, काय कमी आहे? शिकायचं आहे ना तुला?"

सून चाखायची, विचार करून सांगायची, "आंबट थोडं कमी वाटतंय." आक्का मान हलवायची, परीक्षा घेतल्यासारखी. सुनेला वाटलं, आत्या विरघळल्या, आता आपल्याला हाताशी धरणार. ती कधी नव्हे ती चुलीजवळ बसून गप्पा मारायला लागली, पाय चेपून द्यायला लागली. आक्काला आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटायला लागलं. खोटं बोलून मिळालेली माया होती, पण माया होती.

त्या वर्षी सगळंच अर्ध्यावर आलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं म्हणून पलीकडची पट्टी पेरलीच नाही, पेरायला तयार केलेलं बी डब्यात तसंच राहिलं. उभं पीक कसंबसं हाताशी आलं, कापून खळ्यावर पेंढ्या रचल्या, आणि आभाळ भरून यायला लागलं. धण्याला किंमत रंगाची. फिकट हिरवा-पिवळा राहिला तर तो माल, भिजून काळा पडला की व्यापारी गाडीवरून खालीसुद्धा उतरत नाही. रोज सकाळी भाऊ खळ्याच्या कडेला उभा राहून वर बघायचा. त्याचं वय छप्पन्न, पण वर बघताना तोंड उघडं राहायचं ते लहानपणासारखंच.

"मुकादम उद्या येतो म्हणालाय," तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला. "बारा माणसं आहेत. दोन दिवसांत झोडपून, उफणून मोकळं करतील. बाकीच्यांना ठेवलंय ताटकळत, आधी आपल्याकडं येतोय. का, माहीत आहे ना?"

"का?" आक्कानं मुद्दाम विचारलं.

"तुझ्या कालवणासाठी. तो तोंडावर म्हणाला मला, भाऊ, तुमच्यासाठी नाही येत, आक्कासाठी येतो." भाऊ हसला आणि उठला. "गोठ्यात उंदीर फार झालेत. एक पोतं राहू देत नाहीत मेले."

आक्का खलबत्त्यात मसाला कुटत होती. मनगट महिनाभर दुखत होतं, बत्ता उचलताना कळ कोपरापर्यंत जायची. तिनं बत्ता ठेवला आणि मनगट दुसऱ्या हातात धरून बसली. सुनेनं पाहिलं.

"द्या इकडं. उद्या बारा जणांचं आहे, एवढं कुटणार कसं तुम्ही? मी सकाळी उठल्या उठल्या धणे भरडून ठेवते."

"राहू दे गं. तुला खळ्यावर जायचंय."

"जाण्याआधी करते ना."

सकाळी सून उठली तेव्हा मजूर आधीच खळ्यावर येऊन बसले होते. नवऱ्यानं हाक मारली, ती डोक्याला फडकं गुंडाळून तशीच धावली. धणे भरडायचे राहिले. एवढी साधी गोष्ट.

आक्कानं चूल पेटवली, बटाटे चिरले, वाटाणे उकळायला घातले आणि धण्यासाठी फळीवर हात नेला. नेहमीच्या बरणीत मूठभरच धणे होते. बरणीशेजारी पत्र्याचा एक डबा होता, काल नव्हता. झाकणावरून रबरी ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. गाठ सुटेना, तिनं दातानं ओढून सोडवली. आत धणे, फोडलेले. एकेका दाण्याच्या दोन-दोन फाका.

तिनं चिमूट बोटांत घेऊन चोळली. भरडून ठेवले पोरीनं. कधी उठली असेल? पहाटे आवाजही येऊ दिला नाही. दाण्यांना पांढुरकी पूड लागली होती. किडीसाठी राख चोळली असेल, आक्काला वाटलं, घरोघर चोळतात. तिनं सुपात घेऊन दोनदा पाखडले. पूड उडाली, ती शिंकली, आणि शिंकता शिंकता तिला चक्क हसू आलं. या घरात बावीस वर्षांत तिच्या हाताचं काम कुणी आधी उठून करून ठेवलं नव्हतं. भावानं नाही, ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्या भाच्यानं नाही. परक्या घरून आलेल्या पोरीनं केलं. आक्कानं ठरवलं, आज संध्याकाळी तिला जवळ बसवून नाकाचं सगळं खरं सांगून टाकायचं. चूलही द्यायची तिला, हळूहळू.

कढईत धणे पडले. ती कान देऊन बसली. धणे तडकेनात. तिनं जाळ थोडा वाढवला, उलथनं फिरवत राहिली. आवाज नाही. मग तिचं तिलाच कळलं, दाणा आधीच फुटलाय, तडकणार काय? आज डोळ्यांवर भागवायचं. रंग बदलला तशी तिनं कढई उतरवली. धूर बराच झाला होता. डोळ्यांची आग झाली, घशात खवखवलं. लाकडं ओली दिसतात, ती पुटपुटली आणि धणे खलबत्त्यात ओतले. फोडलेले असल्यामुळं झटक्यात कुटले गेले. मनगटाला कळसुद्धा आली नाही.

दुपारी ती भाताचं पातेलं आणि कालवणाचा हंडा हातगाडीवर घालून खळ्यावर गेली. झोडपणी अर्धी होत आली होती. काठ्या थांबल्या, मजूर अंग झाडत सावलीला आले. सगळ्यांच्या भुवया भुशानं पांढऱ्या झाल्या होत्या. मुकादम पुढं झाला. पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस.

"आलं बाबा औषध!" तो म्हणाला. "आक्का, सकाळपासून ही पोरं काठी कमी मारतात आणि वाटेकडंच जास्त बघतात."

त्यानं स्वतःच झाकण उचललं. वाकला, आणि तसाच मागं सरला. हसू तोंडावरून गेलं.

"आक्का, हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे? कालवण आहे."

"वास बघ की."

आक्कानं वाकून हुंगलं. वाफ तोंडावर आली, गरम, ओली. बाकी काही नाही.

"चांगला तर येतोय," ती म्हणाली.

एका बाईनं नाकाला फडकं लावलं. मागून कुणीतरी म्हणालं, "रॉकेल सांडलंय का?" दुसरा म्हणाला, "रॉकेल नाही रे, गोठ्यात फवारतात त्याचा येतोय." बारा जण हंड्याकडं बघत होते, आणि मग हंड्याकडं बघायचं सोडून आक्काकडं बघायला लागले. भाऊ खळ्याच्या त्या टोकाहून चालत येत होता.

आक्काला राग आला, भीतीपेक्षा आधी राग. बावीस वर्षं या लोकांना वाढलं. बोटं चाटून गेले. आज चारचौघांत नाकाला फडकी लावतात? तिनं डाव उचलला, हंड्यात बुडवला, काठोकाठ भरला.

"काही झालेलं नाही याला," ती मोठ्यानं म्हणाली. "बघा, मी खाते तुमच्यासमोर." आणि डाव तोंडाला लावला. फुंकर मारत, घोट घोट करत, अख्खा डाव संपवला. वरून ओठ पुसले.

"मिठालासुद्धा बरोबर आहे," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. आक्काला त्यांच्या तोंडांवर जे दिसलं त्यावरून कळलं की चुकलं, पण काय चुकलं ते कळेना. एवढ्यात सून उफणायचं सूप टाकून धावत आली. हंड्यावर वाकली आणि किंचाळली.

"आत्या, थुंका! बियाण्याचं औषध आहे ते! थुंका!"

"कसलं बियाण्याचं? तू भरडून ठेवलेस ते धणे..."

"मी कुठं भरडले? मला वेळच झाला नाही! कशातले घेतलेत?"

"डब्यातले. फळीवरच्या."

सुनेनं डोक्याला हात लावला. पेरायला काढलेले धणे फळकुटाखाली रगडून दोन फाका करतात, मग त्यांना औषधाची पूड चोळतात. त्या पुडीचा वास असा की डबा उघडला तर घर सोडून माणूस बाहेर येईल. ते या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आक्काला तर सगळ्यांत जास्त.

"तो डबा तर गोठ्यात होता," भाचा म्हणाला. "स्वयंपाकघरात आणला कुणी?"

"मी नाही," सून म्हणाली.

भाऊ येऊन उभा राहिला होता. त्यानं हंड्यात बघितलं, मग वर आभाळाकडं बघितलं. मग बहिणीकडं वळला.

"आक्का," तो म्हणाला, "वास नाही आला तुला?"

आक्काला तेव्हा घाम सुटायला लागला होता, आणि तोंडाला पाणी. पण त्याहीपेक्षा, तिला दिसत होतं की सुनेच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जुळत चालली आहे. करपलेलं दूध. "चाखून सांग बरं." शिकायचं आहे ना तुला.

"तुम्हाला येतच नाही वास," सून हळू आवाजात म्हणाली. "म्हणून मला चाखायला लावत होता. मला वाटलं..."

मजुरांतल्या एकाला हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून आलेलं. आक्का पेंढ्यांना टेकून खाली बसली आणि बारा माणसांसमोर ओकली.

भाच्यानं मोटरसायकल काढली. सून मागं बसली, मधे आक्का. सात मैलांचा खाचखळग्यांचा रस्ता सुनेनं तिला दोन्ही हातांनी कवळून ठेवलं, पण एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला, तो दाराबाहेर डॉक्टरांशी बोलताना आक्कानं ऐकला.

"म्हातारं माणूस, साहेब. कुठून काढला डबा कुणाला ठाऊक. सवयीनं हात घातला असेल. नाक गेलंय, ते लपवून ठेवलं आमच्यापासून."

आक्का छताकडं बघत पडली होती. दातांत अजून रबराची चव असल्यासारखं तिला वाटत होतं. चव कुठली, चव गेलीच होती, ती आठवण होती. ट्यूबची पट्टी, आणि तिच्यावरची गाठ. एक फेरा जास्तीचा देऊन मारलेली दुहेरी गाठ, म्हणून हातानं सुटली नाही. तशी गाठ तिच्याशिवाय घरात एकच माणूस मारतो. भाऊ सहा वर्षांचा असताना त्याला ती तिनंच शिकवली होती, पाटीचं दप्तर बांधायला. गोठ्यात उंदीर फार झालेत. त्यानं डबा उचलून फळीवर ठेवला होता आणि सांगायचं विसरला होता.

तो आत आला, खाटेशी उभा राहिला.

"बरं वाटतंय का?"

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, आता म्हणेल. नुसतं "डबा मी ठेवला होता" एवढंच. पुढचं सगळं ती सांभाळून घेणार होती. भाऊ सलाईनच्या बाटलीकडं बघत होता.

"मुकादम गेला," तो म्हणाला. "त्याच दुपारी. उपाशी माणसं थांबतील कशाला? काल पाऊस झाला. निम्म्या पेंढ्या खळ्यावरच होत्या."

"काळे पडले?"

"काळे पडले."

आणि तो तिच्याकडं असा बघत राहिला की जणू पाऊसही तिनंच पाडला.

घरी परत आली तेव्हा लाकडांच्या ढिगाजवळ तिचं अंथरूण नव्हतं. ते गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं होतं. "तिथं हवा चांगली आहे, आत्या," सून म्हणाली. चुलीजवळ तिनं सगळी फळी रिकामी करून पुन्हा लावली होती. आक्काला ती तुसडेपणानं काही बोलली नाही, तेवढी बरी होती. पण आक्का स्वयंपाकघराच्या दाराशी आली की हातातलं काम थांबवून उभी राहायची, ती जाईपर्यंत. डब्याचं पुन्हा कुणी विचारलं नाही. आक्काला सांगता आलं असतं. पण सांगून तिचं नाक परत येणार नव्हतं, आणि नाक नसताना चूल येणार नव्हती. भावाला उघडं पाडून तिच्या पदरात काय पडणार होतं? या छपराखालून उठून जायला दुसरं छप्पर नव्हतं. तिनं तोंड शिवून घेतलं.

उन्हाळाभर ती काळे पडलेले धणे निवडत बसली. व्यापाऱ्यानं घेतले नाहीत ते घरात खायला राहिले. सून तेच भाजायची. ताट खोलीत यायचं. भाऊ कधी जेवताना सवयीनं विचारायचा, "कसं झालंय, आक्का?" आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात यायचं. आक्का म्हणायची, "छान झालंय."

पावसाळा बरा गेला, विहिरीला पाणी आलं, पेरणीचे दिवस आले. भाऊ सकाळी बियाण्याचं पोतं घेऊन गोठ्यासमोरच्या अंगणात आला. आक्कानं गोणपाट पसरलं, त्यावर धणे ओतले, फळकूट दोन्ही हातांत धरलं आणि अंगाचा भार देऊन रगडायला लागली. दाणे फळकुटाखाली फुटत होते. दरवर्षी हे काम भाचा आणि सून करायचे. औषध चोळल्यावर दोघांचं दोन दिवस डोकं दुखायचं.

"यंदा त्यांना नको," भाऊ म्हणाला. "सुनेला दिवस गेलेत, वास सहन होत नाही तिला. आणि पोराला कांद्याच्या रोपांचं बघायचंय. तूच चोळ. तुला काही त्रास नाही."

त्यानं औषधाचं पाकीट काढलं. दुसऱ्या खिशातून एक स्वच्छ पांढरं फडकं काढलं. आक्कानं हात पुसून पुढं केला.

भाऊ क्षणभर थांबला. मग तो हसला, अगदी सहज, कुणी लहान मुलाला हसावं तसा.

"तुला कशाला फडकं? तुला कुठं वास येतोय?"

त्यानं फडक्याची त्रिकोणी घडी केली, नाकातोंडावर धरली. मागं टोकं काही जुळेनात, खांदा आखडला होता त्याचा पावसाळ्यापासून. तो बहिणीकडं पाठ करून खाली बसला.

"बांध जरा."

आक्का उठली. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. तिनं दोन्ही टोकं हातात घेतली, एक फेरा दिला, मग जास्तीचा एक दिला, आणि गाठ आवळली.

"घट्ट झाली का?"

"नाही. बरोबर आहे."

"हीच होती डब्यावर," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "दातानं सोडवावी लागली मला."

फडक्याआडून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तिनं त्याला वेळ दिला. बावीस वर्षांत दिला नव्हता एवढा दिला.

"वारा सुटेल," तो शेवटी म्हणाला. "लवकर उरकायला हवं." आणि तो वळला, पण तिच्या तोंडाकडं न बघता त्यानं पाकीट फाडून तिच्या उघड्या हातांवर ओतलं.